राखणीला ठेवलेला नंदी

मी एक जुना लाकडी नंदी आहे, पण माझ्याकडे पाहून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. माझं अंग सोनेरी, शिंगं चंदेरी आणि खुरांखाली रबरी चाकं आहेत. लग्नाच्या मंडपातून कोणीतरी उचलून आणल्यासारखा मी दिसतो. मित्रांनो, या रूपाची मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. तशी मला लाज फार लवकर वाटते. आणि ज्यानं मला घडवलं त्या नथ्थू सुतारानं माझी मान अशी ताठ कोरली, की लाज वाटली तरी ती खाली घालायची सोय नाही.

पोळा हा खऱ्या बैलांचा सण. आमच्या चंद्रपुराकडे त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, तो पोरांचा. पोरं आपापले लाकडी नंदी सजवून रस्त्यावर आणतात, तोरणाखाली रांग लावतात आणि मग दारोदार फिरवतात. दारातली बाई नंदीच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, आणि नंदी आणणाऱ्याच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे नंदीची ओवाळणी समजा. कधी करंजी, कधी नाणं, कधी मूठभर फुटाणे.

माझी पहिली लाज तिथलीच आहे. खरा बैल धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल तुडवतो, कपाशीत डवरा ओढतो, आणि मग एक दिवस त्याचे पाय धुतले जातात. मी जन्मात जू पाहिलं नाही. ऊन लागलं की मला सावलीत ठेवतात. तरी म्हाताऱ्या बाया वाकून माझे पाय धुतात. नथ्थूला हे कळत असावं. पोळ्यात तोरणाखाली मोठ्यानं चार ओळी म्हणायची रीत आहे, त्यांना झडत्या म्हणतात. नथ्थूनं माझ्यावरच एक झडती रचली होती आणि ती तो दरवर्षी सगळ्या गल्लीसमोर म्हणायचा:

सुताराचा नंदी, खात नाई चारा
कामाले नाई येत, मांगते बोजारा!

पोरं ‘हर बोला हर हर महादेव’ करून ओरडायची आणि पोट धरून हसायची. मी मान ताठ ठेवून ऐकून घ्यायचो.

आमची गल्ली परकोटाच्या आतली. तेव्हा तिथं सुतारांची दुकानं होती, एकाला लागून एक. आलापल्लीकडचं सागवान यायचं आणि दिवसभर रंध्याचा आवाज चालायचा. एका मोठ्या दाराच्या चौकटीतून उरलेल्या ठोकळ्यातून नथ्थूनं मला काढलं, ते त्याच्या मुलासाठी, आदेशसाठी. मी इतका जड झालो की आदेशला ओढता येईना. मग शेजारची पोरं दोरीला लागली. दुसऱ्या वर्षी त्या पोरांना स्वतःचे नंदी हवे झाले. नथ्थूनं उरल्यासुरल्या लाकडातून तेही करून दिले. बघता बघता गल्लीत रांग उभी राहिली आणि कडुनिंबापासून विजेच्या खांबापर्यंत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं गेलं. आमच्या गल्लीचा तान्हा पोळा असा सुरू झाला.

मी त्या रांगेतला थोरला, म्हणून मी मानाचा नंदी ठरलो. मानाचा नंदी तोरणाखालून गेल्याशिवाय बाकी कोणी हलायचं नाही, आणि जे घर सण पाळतं त्या प्रत्येक दारी त्यानं आधी थांबायचं, अशी रीत पडली. हळूहळू लोक दुरून यायला लागले. ऊर्जानगरच्या क्वार्टरांमधून पोरं बसनं यायची, घुग्घुस-माजरीकडचे कामगार मोटारसायकलीवर पुढे एक आणि मागे दोन लेकरं बसवून यायचे. झुली आणि बेगड विकणारे, भजेवाले, फुगेवाले रस्त्याच्या दोन्ही अंगांना बसायचे. संध्याकाळी माझ्या झुलीवर बोट फिरवलं तर काळं निघायचं, इतका कोळशाचा धुरळा आमच्या हवेत असतो. गल्लीच्या टोकाला रामाजी आणि बायनाबाईचं घर होतं. ते बौद्ध कुटुंब, त्यांच्याकडे पूजा नव्हती. पण बायनाबाई पोरांसाठी पातेलंभर चिवडा करून ठेवायची, आणि पूजेच्या दारांपेक्षा तिच्या दारी पोरांची गर्दी जास्त असायची.

एका वर्षी रांग लागली होती. नथ्थू माझी दोरी हातात घेऊन तोरणाखाली उभा होता. झडती म्हणता म्हणता तो खाली बसला. पोरांना वाटलं, नथ्थूभाऊ गंमत करतो आहे. पोरं हसली. तो उठला नाही तरी थोडा वेळ ती हसतच होती.

मित्रांनो, आमच्याकडे एक जुना नेम आहे. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं, तर तो सण त्या घरातून मोडतो. पुढे कधीतरी त्याच सणाच्या दिवशी त्या घरात लेकरू जन्मलं किंवा गाय व्याली, तरच सण परत फिरतो. तोवर सगळी गल्ली सजली तरी त्या दारात रांगोळी पडत नाही. नथ्थूच्या घरचा तान्हा पोळा असा मोडला.

नथ्थूची बायको मनकर्णा. तिनं पुढच्या वर्षी सण यायच्या आधी समोरच्या श्रीहरीला बोलावलं. श्रीहरीचं हार्डवेअरचं दुकान होतं. नथ्थू आणि तो रोज एकत्र चहा प्यायचे.

“श्रीहरीभाऊ, आमच्या घरी आता सण नाई,” ती म्हणाली. “पन पोट्ट्यायचं तोरण काऊन अडवाचं? नंदी तुमच्या दारातून निघू द्या. आमचा सण फिरला का आनून देजा.”

“बाई, वस्तू तुमचीच हाय,” श्रीहरी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “म्या निस्ती राखण करतो.”

त्यानं ती केलीही. माझ्यासाठी त्यानं दुकानात काचेचं कपाट करून घेतलं. वाळवी लागू नये म्हणून तो दर उन्हाळ्यात मला तेल लावायचा. एकदा पुराचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा त्याच्या दुकानातली सिमेंटची पोती भिजत होती, आणि हा माणूस मला डोक्यावर घेऊन माडीवर चढत होता. हे मी विसरलो नाही. श्रीहरी वाईट माणूस असता, तर मला एवढी लाज वाटली नसती.

पण वस्तू फार दिवस एका घरात राहिली, की घर तिला आपली म्हणायला लागतं. आधी मला नुसता रंग लागला, मग सोनेरी रंग लागला. मग चाकं आली. गल्लीतली सुतारांची दुकानं एकेक करून मोबाईलची झाली. रस्ता रुंद करताना कडुनिंब गेला आणि तोरण लोखंडी कमानीला बांधायला लागले. मंडळ झालं, मंच आला, डीजे आला, सजावटीला बक्षिसं आली. पोरांनी काय आणलं यापेक्षा कोणाच्या बापानं किती मोठा नंदी आणला याची चर्चा व्हायला लागली. श्रीहरी मंडळाचा अध्यक्ष झाला. एका वर्षी कमानीवर फ्लेक्स लागला आणि त्यावर माझा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘श्रीहरीभाऊंच्या घराण्याचा मानाचा नंदी’. ते वाचून कोणी काही बोललं नाही. लोकांना वाटलं असेल, छापणाऱ्यानं चूक केली. पुढच्या वर्षी तेच पुन्हा छापलं गेलं.

सगळ्यात जड जायचं ते मनकर्णाबाईच्या दारावरून जाणं. तिथं सण नाही म्हणून मला तिथं थांबवायचं नाही. डीजे वाजत असायचा, माझ्यावर फुलं पडत असायची, आणि त्या बंद दाराच्या फटीतून कोणीतरी पाहत असायचं. तिच्या नवऱ्यानं घडवलेला नंदी दुसऱ्याच्या नावानं, सोन्यानं मढून चालला आहे, आणि तो तिच्याकडे वळूनही पाहत नाही. मला वळता येत नाही हे तिला ठाऊक होतं, सुताराची बायको ती. तरी मला दर वर्षी तेवढी दहा पावलं नको व्हायची.

मग मागच्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्याच सकाळी, आदेशच्या बायकोला, साधनाला, मुलगी झाली.

आदेश आता घुग्घुसला खाणीत कामाला जातो. तो दवाखान्यातून थेट श्रीहरीच्या दुकानात पेढे घेऊन आला. अंगावर कामाचे कपडे तसेच होते. “काका, लेकरू झालं. आजच झालं!” एवढंच तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला. श्रीहरीनं पेढा तोंडात टाकला, “बेस झालं, बेस झालं,” म्हणाला आणि कमानीचं काम पाहायला निघून गेला. घरात बाळंतीण, सोयर पाळायचं, त्यामुळे त्या वर्षी मनकर्णाबाईला पूजा करता येणार नव्हती. पण सण फिरला होता. मी काचेच्या आत आनंदानं फुटायचा राहिलो.

त्यानंतर वर्षभर काय झालं, ते ऐका. मनकर्णाबाई दुकानात यायला लागली. पहिल्यांदा आली आणि काउंटरपाशी उभी राहिली. श्रीहरीनं विचारलं, “काय पायजे, बाई?” तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, “अदपाव खिळे द्या.” सुताराच्या घरात खिळ्यांचा काय तोटा! पण ती खिळे घेऊन गेली. संक्रांत झाल्यावर आली आणि बिजागरी घेऊन गेली. उन्हाळ्यात आली तेव्हा पुन्हा खिळे. प्रत्येक वेळी तिच्या ओठांवर माझं नाव यायचं आणि लाजेनं परत आत जायचं. इतकी वर्षं ज्यानं सांभाळलं त्याला वस्तू परत कशी मागायची, हा तिचा प्रश्न. श्रीहरीला तो प्रश्न ऐकू येत होता. तो खिळे तोलायच्या निमित्तानं पाठ फिरवायचा.

असा यंदाचा तान्हा पोळा आला. दुपारी मला कमानीखाली उभं केलं. मागे दीडदोनशे पोरांची रांग. मंचावर पाहुणे आले, भाषणं झाली, श्रीहरीच्या खांद्यावर शाल पडली. त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, “हा आमच्या घराण्याचा नंदी, आमच्या बापजाद्यांपासूनचा…”

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मनकर्णाबाई येत होती. सण मोडल्यापासून या दिवशी ती पहिल्यांदाच रस्त्यावर आली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. मागे साधना होती, कडेवर वर्षाची मुलगी.

“श्रीहरीभाऊ,” ती खालूनच म्हणाली. “आमचा सण फिरला. यंदा नंदी आमच्या दारातून निघू द्या.”

त्याला माईक बाजूला ठेवता आला असता. खाली उतरून चार शब्द बोलता आले असते. पण पाहुणे पाहत होते, खांद्यावर शाल होती. तो हसला आणि माईकवरच बोलला.

“बाई, लेकरू झालं याची मलेबी खुशी हाय. पन ते सिझरचं लेकरू हाय ना. तारीख डॉक्टरच्या हातची. आजकाल लोकं मुहूर्त पाहून सिझर करून राह्यले. अशानं सण फिरते काय? तुमीच सांगा.”

काही लोक हसले. मित्रांनो, माणसं कधी कधी नुसती सवयीनं हसतात. साधनानं पदर पोटाशी ओढून धरला, जणू टाके सगळ्यांना दिसत होते. आदेश मान खाली घालून उभा राहिला. बायकोच्या बाळंतपणाबद्दल चारचौघांत तो काय बोलणार? आणि मी मधोमध उभा, सोन्यानं चमकत. या सगळ्याला कारण मी. एका लेकराची आई भर रस्त्यात शरमेनं लाल झाली, ती माझ्या मानासाठी. लाकडाला जाळणारी लाज असते, हे मला त्या दिवशी समजलं.

बायनाबाई आता थकली आहे, काठी घेऊन चालते. ती काठी टेकत मंचाजवळ गेली.

“श्रीहरी, म्या गेली होती तिच्यासंगं आटोत,” ती म्हणाली. “पहाटंपासून कळा देऊन राह्यली होती पोरगी. लेकरू अडलं, मंग पोट फाडलं. आता बाईचे टाके तपासाले माईक लागते काय तुले?”

कोणीतरी माईक बंद केला. डीजे सुरू झाला. श्रीहरीनं घाईघाईनं खाली उतरून माझी दोरी हातात घेतली आणि मला कमानीखालून ओढलं. त्याला वाटलं असेल, मिरवणूक निघाली की सगळं विसरलं जाईल.

पहिल्या दारी मंगली नावाची बाई तांब्या घेऊन उभी होती. दरवर्षी ती मला पाहून आधी हसते. यंदा हसली नाही. “भाऊ, नंदी पहिले त्याच्या घरी न्या,” ती म्हणाली. “मंग आमच्या दारी आना. म्या इथीच उभी हाव.” तिनं पाण्याचा थेंबही टाकला नाही. दुसऱ्या दारी तेच झालं. तिसऱ्या दारातली बाई तर नुसती समोर पाहत राहिली. कोणी भांडलं नाही, कोणी दार लावलं नाही. सगळ्यांचे तांबे भरलेले होते आणि माझे पाय कोरडे होते. आमच्या गल्लीत कोरड्या पायांनी पुढे जाणं म्हणजे काय, हे लहान पोरालाही कळतं. डीजेवाल्यालाही कळलं असावं, त्यानं आवाज कमी केला.

मग ते दार आलं. दार उघडं होतं. उंबऱ्यापुढे रांगोळी होती, हात सुटलेला असावा, रेषा वाकड्या आल्या होत्या. मनकर्णाबाई मागच्या बोळातून आधीच घरी पोचली होती आणि तांब्या-तबक घेऊन उभी होती.

श्रीहरी थबकला. पुढे जावं, तर सगळ्या गल्लीसमोर एका घराचा फिरलेला सण नाकारल्यासारखं होणार. थांबावं, तर सण मानला असं होणार, आणि सण मानला की शब्द पाळायचा. त्याच्या हातातली दोरी ओली झाली होती.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “लोक पाहून राह्यले.”

“पाहू द्या, भाऊ. मले पाय धुऊ द्या.”

तो बाजूला झाला. तिनं माझे चारही पाय धुतले. एकेका खुराच्या खाचेत तिनं बोट फिरवलं. कुंकू लावलं. मग ती उठली, आत गेली आणि नवा दुपट्टा आणि टोपी घेऊन आली.

मित्रांनो, खऱ्या पोळ्याला शेतकरी आपल्या गड्याला नवे कपडे देतो. ज्या गड्यानं वर्षभर धन्याचे बैल सांभाळले, चारले, धुतले, त्याचा तो बोजारा. तो मालकाला देत नाहीत. तो राखणदाराला देतात, मानानं देतात.

मनकर्णाबाईनं दुपट्टा श्रीहरीच्या खांद्यावर ठेवला. मंचावरची शाल तिथं होतीच, तिच्यावरच ठेवला. टोपी त्याच्या हातात दिली.

“लई वर्सं राखण केली, भाऊ,” ती म्हणाली. “पुरात डोक्श्यावर नेलं तुमी याले, मले ठाऊक हाय. हा घ्या तुमचा बोजारा.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर श्रीहरीला उत्तर देता आलं असतं. तो टोपीकडे पाहत राहिला. मग त्याच्या हातातून दोरी सुटली. दोरी त्यानं सोडली की ती सुटली, मला सांगता येणार नाही. तो आपल्या दुकानाकडे चालत गेला. मागची रांग गोंधळून तिथंच उभी राहिली, कारण मानाचा नंदी थांबला होता आणि पुढे कोणी जायचं नसतं. शेवटी आदेशनं वाकून दोरी उचलली.

आता मी त्याच्या घरी आहे. आदेशनं पॉलिशपेपर घेऊन माझ्या पाठीवरचा सोनेरी रंग काढायचा प्रयत्न केला, पण तो लाकडाच्या रेषांत शिरला आहे, पुरता निघत नाही. त्याची मुलगी दिव्यानी माझ्या पायाला धरून उभी राहायला शिकते आहे. माझी लाज अजून गेलेली नाही. समोरून श्रीहरी जातो तेव्हा तो इकडे पाहत नाही, आणि त्याचीही मला लाज वाटते, कारण त्यानं मला इतकी वर्षं जपलं होतं. वस्तू परत द्यायला त्याला एक पेढा खाण्याइतकाच वेळ लागला असता. त्या दिवशी दिली असती, तर आज तो या उंबऱ्यावर चहा पीत बसला असता.

मित्रांनो, मी लाकडाचा, मला शिकवायचा अधिकार नाही. पण मनकर्णाबाईनं वर्षभरात विकत घेतलेले खिळे अजून या घरात पुडीतच पडून आहेत, ते पाहून सांगतो. कोणाची वस्तू तुमच्याकडे राखणीला असेल, तर ती नीट जपा. आणि परत द्यायची वेळ आली, की मागणारा दारात येण्याआधी स्वतः नेऊन द्या. कारण लाज वाटायला हवी ती ठेवून घेणाऱ्याला. पण मागणारा दारात येतो तेव्हा ती त्यालाच वाटते.